विकायला नेलेली इटालियन

पुष्पलता इटालियन गाडी घेणार हे कळलं, तेव्हा जगनने पहिला प्रश्न असा विचारला, की घरात एक गाडी असताना दुसरी कशाला.

पुष्पलता म्हणाली, "घरात गाडी नाही. घरात जीप आहे."

जगन अठरा वर्षं जव्हार ते दाभोसा जीप चालवत होता. ती कागदावर नऊ जणांची आणि बाजाराच्या दिवशी सतरा जणांची. पुष्पलता दाभोशाच्या अलीकडच्या उपकेंद्रात नर्स होती. दोघं एकाच आश्रमशाळेत शिकलेले, ती त्याच्या दोन वर्ग मागे, त्यामुळे लग्नानंतरही अरे-तुरेच राहिलं. गावोगाव तिला सिस्टर म्हणत आणि त्याला सिस्टरचा जगन. अकरा वर्षं ती नवऱ्याच्या जीपमधून कामावर गेली. जागा पुढची, मानाची. पण जीप भरल्याशिवाय हलायची नाही. लसीचा डबा मांडीवर घेऊन ती स्टँडवर बसायची आणि जगन बाहेर उभा राहून "दाभोसा, दाभोसा" ओरडायचा. ती उशिरा पोचली की वरचे साहेब विचारायचे, घरची गाडी असून उशीर कसा?

"माझं निम्मं आयुष्य तुझी जीप भरण्यात गेलं," ती म्हणाली. "आता मी एकटी बसणार आणि निघणार."

गाडी चालवायला जगननेच शिकवावं असं ठरलं होतं. ते तीन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी ती भर रस्त्यात उतरून घराकडे चालू लागली, आणि जगन जीप पहिल्या गिअरमध्ये तिच्या मागे घेऊन, खिडकीतून क्लचबद्दल बोलत बोलत घरापर्यंत आला. मग तिने क्लास लावला.

जगनच्या मनात एक छोटी पांढरी गाडी होती. जव्हारात तशा पन्नास तरी असतील. तिचे पार्ट कुठेही मिळतात, तिला कुणीही दुरुस्त करतं, आणि मुख्य म्हणजे तिच्याकडे कुणी वळून बघत नाही. पण पुष्पलता प्रशिक्षणासाठी नाशिकला गेली असताना तिथे एका निवृत्त प्राध्यापकांच्या दारात तिने ती डाळिंबी रंगाची गाडी पाहिली. प्राध्यापक रसायनशास्त्राचे. गुडघे गेल्यामुळे त्यांना गाडी द्यायची होती, पण कुणालाही द्यायची नव्हती. पुष्पलताने दार उघडून लावलं. धप्प असा भरीव आवाज झाला, जसा बँकेच्या तिजोरीचा होत असेल. तिने ते परत उघडलं, परत लावलं. असं चार वेळा झाल्यावर प्राध्यापक म्हणाले, "ही तुम्हीच घ्या."

गाडीबरोबर त्यांनी एक शंभर पानी वहीसुद्धा दिली. तिच्यात चौदा वर्षांतल्या गाडीच्या सवयी सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या होत्या.

घरी आल्यावर गाडी आधी पंढरीला दाखवली. पंढरी जव्हारातला जुना मेकॅनिक. जगनच्या जीपचं इंजिन त्याने तीनदा उतरवलं होतं. त्याने बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघितलं, कशालाही हात न लावता बॉनेट खाली घेतलं आणि तरीही फडक्याला हात पुसले.

"गाडी चांगली हाय," तो म्हणाला. "पण हिला माहेर नाय. रुसली तर पाठवायची कुठं?"

"म्हणजे?"

"म्हणजे तिचा पार्ट गेला का तो शोधावा लागंल. कोल्हापूरला एक माणूस हाय म्हणतात."

स्टँडवर तर जगनची सोयच उरली नाही. माघ्या म्हणून एक वयस्कर जीपवाला होता, तो रोज सकाळी नव्याने चौकशी करी.

"इटली म्हंजे गुजरातकडं का रे?"

"लांब हाय. समुद्राच्या पल्याड."

"मग पार्ट आणाया तू जाणार का सिस्टर?"

जगन हसण्यावारी नेई, पण आत कुठेतरी त्याला लागे. अठरा वर्षांत आपली जीप रस्त्यात बंद पडली ती फक्त पाच वेळा, हा त्याचा अभिमान होता. आणि त्याच्याच घरात आता अशी गाडी उभी होती, की स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे वळवलं की तिचा हॉर्न आपोआप वाजे. पेट्रोलचा काटा कायम निम्म्यावर. टाकी भरा नाहीतर रिकामी ठेवा. खराब रस्ता लागला की ड्रायव्हरच्या बाजूची काच हळूहळू खाली उतरे. आणि सगळ्यात मोठी खोड म्हणजे, उन्हात तापून बंद झाली की अर्धा तास विश्रांती घेतल्याशिवाय ती चालू होत नसे. वहीत प्राध्यापकांनी याला 'दुपारची वामकुक्षी' असा शब्द वापरला होता.

पुष्पलता मात्र खूश होती. ती वेळेवर पोचू लागली, म्हणजे पोचली तर वेळेवर पोचे. जगनने त्या गाडीला हात लावला नाही. किल्ली समोर खुंटीवर लटके, पण तो म्हणे, "मला बैलाची सवय, मी मोर कशाला हाकू?"

एप्रिलमध्ये मात्र तो दिवस आला. वांगणीकडे लसीकरणाचं शिबिर होतं, वरचे डॉक्टर येणार होते, आणि दाभोशाच्या अलीकडे चढावर इटालियन बंद पडली. पुष्पलताने वाट बघितली, पण अर्धा तास झाला तरी गाडी ढिम्म. लसीच्या डब्यातला बर्फ किती वेळ टिकेल याची चिंता होती. तेवढ्यात मागून जगनची जीप आली. बाजाराचा दिवस, आत सतरा माणसं आणि टपावर कोंबड्यांच्या दोन पाट्या. जगनने उतरून दोर काढला. माणसांनी उतरून हातभार लावला, कुणी दगड काढले, कुणी दोराची गाठ तपासली, आणि वरात निघाली. पुढे जीप, मागे इटालियन, आत पुष्पलता स्टेअरिंग धरून. त्या रस्त्याला उजवी वळणं फार. प्रत्येक वळणाला तिचा हॉर्न वाजे आणि पाड्यावरची माणसं बघायला बाहेर येत. जीपच्या आरशात जगनचे दात तिला स्पष्ट दिसत होते.

शिबिराच्या ठिकाणी डॉक्टर झाडाखाली उभेच होते. ते नुसते दोराकडे बघत राहिले.

संध्याकाळी घरी आल्यावर पुष्पलताने किल्ली जगनपुढे ठेवली. "विकून टाक."

"खरंच?"

"मी दोनदा बोलत नाही."

हे खरं होतं. तिला एकदा बोललेलं मागे घ्यायची सवय नव्हती, मग मनात काहीही असो. जगनने मात्र उशीर नको म्हणून दुसऱ्याच दिवशी स्टँडवर शब्द टाकला. आठवड्याभरात मोखाड्याहून मुकेश नावाच्या माणसाचा फोन आला. त्याचं पत्र्यांचं आणि पाइपांचं दुकान होतं, आणि सगळ्यांकडे असते तशी गाडी त्याला नको होती. जगनने फोनवर गाडीची अशी तारीफ केली, की आपल्या मुलीचं स्थळ सांगतानाही माणूस इतकं बोलत नाही. रविवारी दहा वाजता गाडी मोखाड्याला आणून दाखवायची असं ठरलं.

रविवारी सकाळी पुष्पलताने गाडी पुसून ठेवली होती. किल्ली देताना ती म्हणाली, "चालू करताना आधी थोडं थांब. आतून घूं असा बारीक आवाज येतो, तो संपला की मग फिरव."

"अठरा वर्षं गाडी चालवतोय मी."

"अठरा वर्षं तू जीप चालवतोयस," ती म्हणाली आणि उपकेंद्रातल्या नोंदी पुऱ्या करायला माघ्याच्या जीपने निघून गेली.

जगन गाडीत बसला. सीट मागे सरकवली. घूं आवाज झाला, थांबला, त्याने किल्ली फिरवली. जव्हार मागे पडेपर्यंत तो तक्रारी शोधत होता. क्लच हलका आहे, बरं. ब्रेक लगेच लागतो, ठीक. मग पहिलं मोठं वळण आलं आणि त्याने सवयीप्रमाणे स्टेअरिंग आधीच फिरवायला घेतलं, कारण जीपला सांगितल्यावर ऐकायला थोडा वेळ लागतो. ही गाडी मात्र सांगायच्या आधीच वळली होती. जगन दचकला. पुढचं वळण त्याने जपून घेतलं, त्याच्या पुढचं जरा कमी जपून. गाडी रस्त्याला चिकटून जात होती, आणि चढ लागला की तिच्या पोटातून असा काही सूर निघे, की पाय आपोआप खाली दबला जाई. अठरा वर्षं असेच रस्ते, अशीच सागाची झाडं. पण वळण म्हणजे नुसती माणसं एका बाजूला कलंडण्याची जागा नसते, हे त्याला चाळिशी उलटल्यावर कळत होतं.

तो भानावर आला तेव्हा मोखाडा मागे जाऊन बराच वेळ झाला होता आणि समोर त्र्यंबकच्या वाटेवरचा तोरंगणचा घाट होता. वळवून परत फिरावं हे योग्य होतं. पण घाटाच्या पायथ्याशी येऊन परत फिरणं त्याच्या मनाला पटेना. तो वर गेला. वरून वळून खाली आला. खाली आल्यावर त्याला वाटलं, मधलं ते तिसरं वळण आपण नीट घेतलं नाही. म्हणून तो परत वर गेला.

मुकेशच्या दुकानासमोर गाडी लागली तेव्हा साडेअकरा वाजले होते. मुकेश चाळिशीचा, अंगाने भरलेला, हसरा माणूस. त्याच्याबरोबर त्याची म्हातारी आई हिरी होती. मुकेशने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "वा."

त्या 'वा'सरशी जगन त्याच्या आणि गाडीच्या मध्ये येऊन उभा राहिला.

"आता बघा," तो म्हणाला, "फोनवर मी जरा जास्तच बोललो. गाडीत दोष हायत."

"जुन्या गाडीत असतातच."

"उजवीकडं वळवली का हॉर्न वाजतो."

मुकेश आत बसला आणि स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवलं. हॉर्न वाजला नाही. त्याने डावीकडे फिरवून परत उजवीकडे फिरवलं. गाडी गप्प. दरम्यान हिरी मागचं दार उघडून आत बसली होती आणि सीटवर हात फिरवून म्हणाली, "गादी चांगली हाय."

"काच खाली उतरते," जगन म्हणाला. मुकेशने मुद्दाम दुकानामागच्या खड्ड्यांच्या वाटेने गाडी नेली. काच जागची हलली नाही. "तापली की बंद पडते," जगन म्हणाला. मग त्यांनी गाडी भर उन्हात चालू ठेवली, एसी लावला, वीस मिनिटं गेली, बंद केली, किल्ली फिरवली. अर्ध्या किल्लीत चालू झाली.

जगनने शेवटचा उपाय म्हणून प्राध्यापकांची वही काढली. "ह्यात सगळं लिवलंय. मालकाने स्वतः लिवलंय. वाचा."

मुकेश वाचत गेला तसा त्याचा चेहरा खुलत गेला. "चौदा वर्षं? प्रत्येक सर्व्हिस? कुठल्या हवेत कसं वागते तेसुद्धा?" त्याने वही मिटली. "जगनभाऊ, अशी निगा राखलेली गाडी मी आजवर पाहिली नाही."

"पार्ट मिळत नाहीत."

"माझं पाइपांचं दुकान आहे. माल मागवायची मला सवय आहे."

"आमचा पंढरी म्हणतो, हिला माहेर नाय."

"मग हिला सासरी जपायला हवं," मुकेश म्हणाला आणि जगनकडे बघून हसला. "मला कळतंय तुम्ही काय करताय. इतके दोष सांगणारा माणूस लबाड नसतो, हे मला दाखवताय. पटलं मला. सांगा, कधी देताय?"

जगनने टोपी काढली, डोकं पुसलं, परत घातली. आयुष्यात पहिल्यांदा तो खरं बोलत होता आणि कुणी ऐकत नव्हतं. "बायकोला विचाराया लागंल," तो म्हणाला. "गाडी तिच्या नावावर हाय."

"लावा फोन. स्पीकरवर ठेवा, मीपण बोलतो."

पुष्पलताने फोन लगेच उचलला. "झाली का विकून?"

"नाय अजून. लै भानगडी निघतात गाडीत. चालूच होत नाय बघ."

मुकेश स्टेअरिंगवरच बसला होता. त्याने सहज पाय दाबला.

"मग हा आवाज कुणाचा?" पुष्पलता म्हणाली.

जगनने आजूबाजूला पाहिलं. रस्त्यावर एक शेळी होती. "दुसऱ्या गाडीचा."

"जगन, तो आवाज मी झोपेतपण ओळखीन. तू चालवलीस तिला?"

"इथवर आणाया नको का?"

"कशी चालली?"

जगन गाडीकडे पाठ करून उभा राहिला. मुकेशनेच तोंड घातलं. "ताई, मी मुकेश बोलतोय. यांना दहाची वेळ दिली होती, साडेअकराला आले. आणि आले ते त्र्यंबककडून. मला वाटलं तुम्ही नाशिकला राहता."

पुष्पलताने विचारलं, "घाटात गेला होतास?"

"हो."

"वर?"

"वर. मग खाली."

"आणि?"

"आणि मग परत वर," जगन म्हणाला.

पलीकडून हसू आलं, आधी दाबलेलं आणि मग न दाबता आलेलं. ती अशी हसलेली त्याने आश्रमशाळेनंतर फारशी ऐकली नव्हती. हसणं आवरून ती म्हणाली, "मुकेशदादा, माफ करा. तुम्हाला उगाच त्रास झाला. गाडी नाही विकायची."

"तुम्ही तर विका म्हणालात ना?"

"म्हणाले होते. आता नाही म्हणते." आणि मग जगनला, "पाचच्या आत ये. मला पण चालवायचीय."

मुकेश मोठ्या मनाचा होता. त्याने दोनदा मान हलवली आणि उतरला. पण हिरी उतरेना. ती मागच्या सीटवर मांडी घालून बसली होती. "मला बहिणीकडं जायाचंय," ती म्हणाली. "पल्याडच्या पाड्यावर. गाडी घ्या नायतर नका घेऊ. मी बसलेय."

मग तिघंही निघाले. पाड्याच्या अलीकडे दोनशे पावलांवर, उजव्या वळणावर, हॉर्न लांबलचक वाजला. जगनची काच हळूहळू खाली उतरली. मग इंजिनाने एक उसासा टाकला आणि गाडी थांबली. जगनने किल्ली फिरवली. काही नाही.

त्याचा चेहरा उजळला. "बघा," तो मुकेशला म्हणाला. "बघा, मी म्हणत व्हतो का नाय? तिन्ही एकदम. मी काय खोटं बोलत व्हतो?"

मुकेशने मान्य केलं की तो खोटं बोलत नव्हता. जगनने उत्साहाने बॉनेट उघडून त्याला आतलं सगळं दाखवलं, आणि काय कुठे आहे ते स्वतःला माहीत नसतानाही समजावून सांगितलं. हिरी तोवर चालत बहिणीकडे पोचली होती. तिथून चहाचा निरोप आला. आंब्याच्या सावलीत कोरा चहा झाला, हिरीच्या बहिणीने गाडी कुठल्या गावची ते विचारलं, आणि चाळीस मिनिटांनी गाडी काही झालंच नाही अशा थाटात चालू झाली.

त्यानंतर जगनची जीप दाभोशाच्या रस्त्यावर पूर्वीसारखीच धावते. पण रविवारी तो स्टँडवर सापडत नाही. पुष्पलता आणि तो शिरपामाळला फिरायला जातात, आणि जाताना कुणी चालवायची, येताना कुणी, यावरून दोघांत शनिवारपासून वाद असतो. माघ्याने एकदा विचारलं, "काय रे, मोर हाकाया लागलास म्हणे?" जगनने त्याला आत बसवून एक चक्कर मारून आणलं. तेव्हापासून माघ्याने पार्टचा विषय काढलेला नाही.

दिवाळीनंतर मुकेशचा फोन आला. त्याने इगतपुरीच्या एका माणसाकडून तशीच इटालियन घेतली होती, निळी. पहिल्याच फेरीत ती मोखाड्याच्या वेशीवर बंद पडली होती. आवाजात तक्रार नव्हती; नव्या बापाची असते तशी धांदल होती. "हिचा वायपर सुरू केला की रेडिओ लागतो," तो म्हणाला. "हे बरोबर आहे का?"

जगन गंभीर झाला. "रेडिओवर काय लागतं?"

"बातम्या."

"मग ठीक हाय. हात लावू नका. आम्ही निघतोच."

पंढरीला मागच्या सीटवर घेतलं, त्याच्या अवजारांची पिशवी पायाशी ठेवली. पुष्पलता आधीच स्टेअरिंगवर जाऊन बसली होती. जव्हार सोडल्यावर जगनने तिला विचारलं, दमलीस का. ती नाही म्हणाली. पहिल्या मोठ्या वळणाच्या आधी त्याने परत विचारलं, आणि त्याच्या पुढच्या वळणाआधी आणखी एकदा. मोखाडा येईपर्यंत ती काही दमली नाही.